नाण्यांच्या ग्रुपवर जाहिराती थांबत नाहीत? आधी जाहिरात कशाला म्हणायचं ते ठरवा

लक्षणं ओळखीची असतील. छंदाचा ग्रुप निघतो, पहिले काही महिने नुसती मजा. कुणी आजीच्या संदुकीतला चारमिनारचा रुपया टाकतं, कुणी त्यावरचा फारसी मजकूर वाचून दाखवतं, रात्री उशिरापर्यंत वाद रंगतात. मग एक दिवस एनए प्लॉटचं बॅनर येतं. टाकणारा ओळखीचा, म्हणून कुणी बोलत नाही. त्याच आठवड्यात आणखी दोन येतात. ॲडमिन वैतागून ठळक अक्षरात 'ग्रुपवर जाहिराती टाकू नयेत' असं लिहितो, चार दिवस शांततेत जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तोवर जाणकार मंडळींनी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवलेला असतो.

आमचा ग्रुप जुन्या नाण्यांचा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतली माणसं त्यात आहेत: शिक्षक, सराफ, एसटीतले, शेतकरी, दोन-तीन वकील आणि भरपूर निवृत्त मंडळी. खाली लिहितोय ते तिथं टिकलेले उपाय आहेत. पक्षी, गच्चीवरची बाग, सायकल असे ग्रुप चालवणाऱ्यांनाही बहुतेक भाग लागू पडेल. फक्त नाण्यांत एक जादा गुंता असतो. छंदातच खरेदी-विक्री असते, त्यामुळं 'विकायचंच नाही' असं म्हणून सुटका होत नाही.

आधी मूळ दुखणं. 'जाहिरात नको' हा नियम सगळ्यांना मान्य असतो आणि कुणालाच आपलं टाकलेलं जाहिरात वाटत नाही. प्लॉटवाल्याला ती 'माहिती' वाटते. लातूर-नांदेडकडच्या सदस्यानं टाकलेली नीटच्या क्लासची पोस्ट त्याच्या मते समाजकार्य असते. मे महिन्यात घरच्या बागेतल्या केसरच्या पेट्यांचा फोटो टाकणाऱ्याला तर वाटतं, मी आपल्या माणसांची सोयच करायलोय. आणि खरं सांगायचं तर त्या पेट्या आम्हालाही हव्या असतात. मराठवाड्याच्या केसरला जीआय मानांकन आहे, आंबा गोड आहे, माणूस सज्जन आहे. म्हणून ती पोस्ट राहते. मग प्लॉटवाला विचारतो, ते चालतं तर माझं काहून नाही? त्याच्या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण आपण माल बघून निर्णय घेतलेला असतो. माल बघितला की निकाल दर वेळी वेगळा लागतो. बघायचं असतं ते टाकणाऱ्याचं वागणं.

हा मजकूर आपल्यासाठी लिहिलाय का?

पहिली तपासणी सोपी आहे आणि तिच्यातच बराचसा कचरा निघून जातो. हा मेसेज याच ग्रुपसाठी लिहिलेला आहे, की शंभर ठिकाणी टाकलाय त्यातलं आपण एक? व्हॉट्सॲप स्वतःच खूण देतं. पुढं ढकललेल्या मेसेजवर एक बाण असतो, आणि पाच किंवा त्याहून जास्त जणांच्या साखळीतून आलेल्यावर दुहेरी बाण. दुहेरी बाण दिसला की आत काय लिहिलंय ते वाचायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. सणाच्या शुभेच्छा, नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर, 'हा मेसेज दहा जणांना पाठवा' सगळं त्याच रांगेत. कुणी नवा मेसेज स्वतः टाइप केल्यासारखा चिकटवतो तेव्हा बाण दिसत नाही, पण आमचे बरेच सदस्य इतर ग्रुपांतही असतात. 'हेच मी तिकडं पण बघितलं' असं दोघांनी म्हटलं की पुरे.

ही कसोटी काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेतल्या हजारो गटांत एकदम टाकली आणि मोठा गदारोळ झाला. त्यानंतर तिथल्या जुन्या मंडळींनी ब्राइडबार्ट निर्देशांक नावाचं एक माप वापरायला सुरुवात केली. एकच मजकूर ज्या-ज्या वेळी टाकला, त्या प्रत्येक वेळी तो किती गटांत गेला त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. ४५ दिवसांत बेरीज २० च्या वर गेली की तो स्पॅम. मजकुरात धर्म आहे, धंदा आहे की धर्मादाय, याच्याशी काही देणंघेणं नाही. मला हे माप फार आवडतं. 'माझं चांगल्या कामासाठी होतं' या वादाला त्यात जागाच राहत नाही. आम्ही वर्गमूळं काढत बसत नाही, पण तत्त्व तेच ठेवलंय: मजकूर कितीही चांगला असो, घाऊक टाकला की काढायचा.

'ट्रॅक्टरवाली नोट असेल तर लाखो मिळवा'

नाण्यांच्या ग्रुपवर हा प्रकार पाचवीला पुजलेला. पाच रुपयांची ट्रॅक्टरची नोट, क्रमांकात ७८६ असलेली नोट, वैष्णोदेवीचं नाणं, यांतलं काहीतरी तुमच्या घरात आहे आणि कुणीतरी लाखात घ्यायला बसलंय. वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ सालची, देवस्थान मंडळाच्या पंचवीस वर्षांनिमित्त निघालेली, आजही चालणारी. नेहमीच्या वापरातलं असं नाणं लाखाला कुणी का घेईल? पण मेसेज वाचून माणूस फोन करतो, मग 'नोंदणी शुल्क', 'जीएसटी', 'रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र' असे टप्प्याटप्प्यानं पैसे जातात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेलाही नाही. हे वाक्य आम्ही ग्रुपच्या वर्णनात कायमचं लिहून ठेवलंय.

याचाच चुलतभाऊ म्हणजे 'राम दरबार' असलेला, ईस्ट इंडिया कंपनीचा, १८१८ किंवा १७१७ साल कोरलेला अर्धा आणा. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. सगळ्या हिंदुस्थानासाठी एकसारखी नाणी कंपनीनं काढली ती १८३५ पासून. तरी या तुकड्यांना तांदूळ चिकटतात, त्यात इरिडियम असतं, परदेशी शास्त्रज्ञ कोटीला घेतात असं सांगून आपल्याकडं जमिनी विकायला लावलेल्या आहेत. असा फोटो आला की आम्ही तो काढत नाही, बरं का. प्रश्न म्हणून आला असेल तर राहू देतो आणि खाली खरं काय ते लिहितो. विकायला म्हणून आला तर टाकणारा बाहेर, इशारा वगैरे काही नाही.

'लग्नपत्रिका', 'पीएम किसान यादी' किंवा 'आरटीओ चलन' अशा नावानं येणाऱ्या एपीके फायली याच यादीत. त्या जाहिराती नव्हेत, फोन ताब्यात घेणारे सापळे आहेत. बहुतेक वेळा टाकणाऱ्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो, त्याच्या फोनवरून त्या आपोआप गेलेल्या असतात. फाईल काढा, त्या माणसाला थेट फोन करून सांगा, आणि कुणाचे पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायला लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात निघून जातात.

खरा तिढा: आपलाच सदस्य विकतो तेव्हा

वरचं सगळं सोपं आहे. भांडणं होतात ती इथं.

समजा एक सराफ सदस्य आहे. मोडीत आलेल्या चांदीत त्याला अधूनमधून हाली सिक्के, म्हणजे निजामाचे चांदीचे रुपये, सापडतात. तो ते वितळवण्याऐवजी ग्रुपवर दाखवतो, कुणी घेतं. त्यानं दाखवले नसते तर ती नाणी भट्टीत गेली असती. आता हा जाहिरात करतो का? दुसरा एक जण दर दोन दिवसांनी वीस नाण्यांचा फोटो टाकतो, खाली एवढंच लिहितो: 'हवं असेल तर पर्सनलला या.' इतर दिवशी त्याचा एक शब्द नाही. कुणी टाकसाळ विचारली तर उत्तर नाही. माल दोघांचाही नाण्यांचाच, विषयाला धरून. पण पहिल्याला घालवलं तर ग्रुपचं नुकसान, आणि दुसऱ्याला ठेवलं तरी ग्रुपचंच.

दोघांतला फरक पकडायला आम्ही तीन गोष्टी बघतो. हा माणूस विकत नसतो तेव्हा बोलतो का? प्रश्न विचारला तर उघड्यावर उत्तर देतो का? आणि किंमत सगळ्यांसमोर सांगतो का?

तिसऱ्यावर सगळ्यात जास्त जोर द्या. 'पर्सनलला या' हे वाक्य वरवर सभ्य वाटतं, ग्रुपला त्रास नको म्हणून बाजूला बोलतोय असं वाटतं. पण होतं उलटं. किंमत आडोशाला गेली की जाणकारांना बोलता येत नाही. नवख्या पोराला शिवराई म्हणून परवा ओतलेला तुकडा मिळतो, आणि ते कळायला वर्ष जातं. ग्रुपवर किंमत लिहिली असती तर परभणीच्या एखाद्या गुरुजींनी तिथंच लिहिलं असतं, 'अक्षरं फार गुळगुळीत दिसतात, वजन सांगा.'

वजनावरून आठवलं. विक्रीच्या पोस्टमध्ये वजन लिहायला लावणं हा एकटा नियम अर्ध्या भामट्यांना पळवतो. निजामाचा चांदीचा हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि इंग्रजांचा कल्दार रुपया ११.६६ ग्रॅमचा. घासून थोडं कमी होईल, पण साडेनऊ ग्रॅमचा 'अस्सल कल्दार' दिसला की पुढं वाचायची गरज नसते. आणि वजन विचारल्यावर 'वजनकाटा नाही' असं म्हणणारा नाण्यांचा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही.

सालाचंही तसंच. एकदा आमच्याकडं '१३३७ सालचं, तुघलकाच्या काळातलं दुर्मीळ नाणं' विकायला आलं. तुघलक दिल्लीहून दौलताबादला राजधानी घेऊन आला ते १३२७ चं, त्यामुळं आपल्या भागात हे पटायला सोपं जातं. पण नाण्यावर चारमिनार होता. चारमिनार बांधला १५९१ मध्ये! नाण्यावरचं १३३७ हे हिजरी साल, म्हणजे इसवी १९१८-१९, उस्मान अली खान निजामाची कारकीर्द. विकणाऱ्याला हे माहीत नसेल असंही धरू. म्हणून तर पोस्ट उघड्यावर हवी. त्या दिवशी त्या एका फोटोवर जी चर्चा झाली, त्यात हिजरी साल इसवीत कसं करायचं हे कितीतरी जण शिकले.

मग उपाय काय? विक्रीवर सरसकट बंदी घालू नका. ती मागच्या दारानं चालू राहते आणि तुमच्या नजरेआड जाते. तिला आठवडी बाजारासारखा एक वार नेमून द्या. आमच्याकडं रविवार आहे. त्या दिवशी सदस्य विकू शकतात, एरवी नाही. फोटो स्वतः काढलेला, दोन्ही बाजूंचा. वजन. किंमत, टपालखर्चासह की त्याशिवाय ते. नाणं घासून साफ केलेलं असेल तर तसं लिहायचं, कारण चिंचेनं किंवा पावडरनं चमकवलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. आणि नाणं कुणाचं, हे. नमुना असा:

'विक्रीसाठी. हाली रुपया, हिजरी साल अमुक. वजन ११.१ ग्रॅम, मागची बाजू थोडी झिजलेली, साफ केलेला नाही. माझ्या स्वतःच्या संग्रहातला. किंमत अमुक, टपालखर्च वेगळा. प्रश्न इथंच विचारा.'

एवढं लिहायचा ज्याला कंटाळा, तो आपोआप गळतो. वार नेमल्यावर आणखी एक गंमत झाली. आधी ज्यांना विक्रीचा त्रास वाटायचा तेच रविवारी सकाळी चहाच्या वेळी ग्रुप उघडून बसू लागले.

केसर आंब्याचं काय केलं, तर नाही म्हटलं. विषयाबाहेरचं म्हणून. आंबे हवे असणाऱ्यांकडं त्या मामांचा नंबर आहेच, मे महिना लागला की लोक स्वतः फोन करतात. मामा थोडे दिवस रुसले होते.

प्रश्नाच्या वेशातली जाहिरात

ही ओळखायला अवघड, आणि अलीकडं वाढायलीय. एक नवा नंबर विचारतो, 'नमस्कार, नाणी ठेवायला चांगला अल्बम कुठं मिळेल?' तासाभरात दुसरा नवा नंबर एका ऑनलाइन दुकानाची लिंक देतो, 'मी इथूनच घेतो, एकदम मस्त.' मग पहिला म्हणतो, 'धन्यवाद दादा, लगेच मागवतो.' वाचणाऱ्याला वाटतं दोन सदस्यांचं बोलणं झालं. नीट पाहिलं तर दोघं एकाच आठवड्यात आलेले, दोघांनी याआधी काही लिहिलेलं नाही, आणि खरा सदस्य असता तर त्यानं लगेच खरेदी न करता पीव्हीसीच्या अल्बममध्ये नाणी हिरवी पडतात का, असं काहीतरी विचारलं असतं.

इथं दुकान वाईट असेलच असं नाही. दोष लपवण्याचा आहे. म्हणून आमचा नियम लपवण्यावर आहे: ज्यात तुमचे, घरच्यांचे किंवा तुम्हाला कमिशन देणाऱ्याचे पैसे गुंतलेत, ते सांगून लिहा. 'हे माझ्या भावाचं दुकान आहे' एवढं वाक्य पुरतं. यात काही अघोरी मागणं नाही. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन एखाद्या मालाची तारीफ करत असाल तर ते संबंध उघड करा, असं जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की या मानक परिषदेनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी सांगितलं आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे. आपला ग्रुप छोटा, पण न्याय तोच. संबंध सांगून केलेली शिफारस आम्ही ठेवतो. लपवलेली कळली की काढतो, आणि ती का काढली हे सगळ्यांना सांगतो.

उलट बाजूही सांभाळा. कडक ॲडमिन झाला की त्याला जिकडंतिकडं जाहिरात दिसायला लागते. एखाद्या आजोबांनी 'मी गुलमंडीवरून पारदर्शक पाकिटं घेतली, बरी निघाली' असं लिहिलं तर ती जाहिरात नव्हे, अनुभव आहे. कुणी स्वतःच्या यूट्यूब चॅनेलची लिंक टाकली, पण सोबत त्यातली मुख्य माहिती दोन-चार ओळींत लिहिली आणि खालच्या शंकांना उत्तरं दिली, तर राहू द्या. नुसती लिंक आणि 'लाइक करा, सबस्क्राइब करा' असेल तर काढा. नाण्यांचं प्रदर्शन कुठं भरतंय, तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात किंवा पैठणच्या बाळासाहेब पाटील संग्रहालयात काय बघण्यासारखं आहे, हे तर टाकायलाच हवं. तिकीट असलं म्हणून ती जाहिरात होत नाही.

काढायचं कसं, आणि भिडेचं काय

व्हॉट्सॲपवर ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण तो कुठल्या ॲडमिननं काढला हे तिथं दिसतं. गावगाड्यात हीच अडचण. ज्यानं काढला त्याला उद्या लग्नात तोच माणूस भेटणार असतो. 'आमची पोस्ट काढायला तुम्हाला लई घाई झाली होती,' असं पंगतीत ऐकून घ्यावं लागतं. म्हणून बरेच ॲडमिन काढतच नाहीत, आणि जाहिराती थांबत नाहीत त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. सेटिंग वगैरे नंतर.

यावर दोन गोष्टी लागू पडल्या. ॲडमिन तीन ठेवा, तिघं वेगवेगळ्या जिल्ह्यांतले. जालन्याच्या माणसाची पोस्ट लातूरच्यानं काढायची, लातूरच्याची नांदेडच्यानं. ओळख जितकी लांबची तितका हात हलका चालतो. दुसरं, काढल्याबरोबर त्या माणसाला खासगीत मेसेज जायला हवा, ग्रुपवर उपदेश नको. मजकूर ठरलेला असू द्या, म्हणजे रागाच्या भरात वेगळं काही लिहिलं जात नाही. आमचा असा आहे:

'काका, नमस्कार. तुमची प्लॉटची पोस्ट ग्रुपवरून काढली आहे. ग्रुप फक्त नाण्यांसाठी आहे आणि हा नियम सगळ्यांना सारखाच आहे, कालच आमच्या एका ॲडमिनच्या पाहुण्याचीही पोस्ट काढली. राग नसावा. तुमच्याकडच्या त्या उस्मानी नाण्यांचे फोटो मात्र नक्की टाका.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. माणसाला ठेवून पोस्ट काढायची आहे. त्यातला 'पाहुण्याचीही' हा उल्लेख मात्र खरं घडलं असेल तरच ठेवा, गावात खोटं टिकत नाही. पहिल्यांदा पोस्ट काढायची, दुसऱ्यांदा पुन्हा तोच मेसेज आणि जोडीला फोन, तिसऱ्यांदा माणूस बाहेर. अनोळखी नंबरला एवढी सवलत नाही.

कुणी धमकी देतं, 'ग्रुपवर काहीही आलं तर ॲडमिनवर केस होते.' मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये एका प्रकरणात सांगितलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू दिसल्याशिवाय, नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळं घाबरून पोस्टी काढू नका. नियमात बसत नाही म्हणून काढा.

सेटिंगचं थोडक्यात. नव्या सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश नको, ती सोय ग्रुपच्या परवानग्यांत आहे. मंजुरीआधी एकच प्रश्न विचारा: 'तुमच्याकडचं कुठलं नाणं तुम्हाला सगळ्यात आवडतं?' विकायला आलेला माणूस याचं उत्तर देत नाही, किंवा 'सगळीच' म्हणतो. निमंत्रणाची लिंक फेसबुकवर कुणी टाकली असेल तर ती रद्द करून नवी काढा. फक्त ॲडमिननी लिहायचं, हे सेटिंग रात्रभरासाठी ठीक, कायमचं केलंत तर तो छंदाचा ग्रुप राहत नाही. टेलिग्रामवर असाल तर तिथं दोन मेसेजमधलं अंतर वाढवणारी 'स्लो मोड' आहे आणि नंबर लपवता येतो. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, त्यामुळं ग्रुपवर गप्प बसून सगळ्यांना खासगीत जाहिराती पाठवणारेही असतात. त्यांचा एकही मेसेज ग्रुपवर नसतो. 'असा मेसेज कुणाला आला का?' हे महिन्यातून एकदा ग्रुपवर विचारा. दोघा-तिघांनी एकच नंबर सांगितला की काढून टाका.

शेतात सापडलेलं नाणं

पैठण, तेर, भोकरदन या जुन्या वस्त्यांच्या आसपास पावसानंतर शेतात सातवाहनांची शिशाची, पोटीन या मिश्रधातूची नाणी वर येतात. मग ग्रुपवर येतं: 'भाऊ, हे वावरात सापडलंय, काय येईल ह्याचं?' ही विक्री आहे की प्रश्न? आम्ही प्रश्न धरतो आणि नाणं कुठलं ते सांगतो, हत्ती आहे का, उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली) आहे का. किंमत मात्र सांगत नाही, कुणाला सांगू देत नाही, आणि 'मी घेतो, फोन करा' असं लिहिणाऱ्या सदस्याला त्याच दिवशी बाहेर काढतो, मग तो कितीही जुना असो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवायला बंदी आहे. त्यातून जमिनीतून निघालेला ठेवा असेल तर आधी तहसीलला कळवायला सांगतो. या बाबतीत रविवारही चालत नाही. जुन्या वस्तीतलं नाणं कुठं, कुठल्या थरात, कशासोबत सापडलं यातच त्याचं निम्मं मोल असतं, आणि दलाल सगळ्यात आधी तेच पुसून टाकतो.

अजून न सुटलेलं एक

लिलाव घरांच्या कॅटलॉगच्या पीडीएफ. ती धडधडीत जाहिरात आहे, शंकाच नाही. तिच्यात प्रत्येक नाण्याचा स्वच्छ फोटो, वजन, टाकसाळ आणि अंदाजे किंमतही असते, आणि संदर्भासाठी आमच्याकडं दुसरं काही इतकं हाताशी नाही. संभाजीनगरच्या मुघल टाकसाळीचं 'खुजिस्ता बुनियाद' हे नाव नाण्यावर कसं दिसतं ते मी अशाच एका कॅटलॉगमधून शिकलो. ॲडमिन मंडळींत यावर एकमत नाही. सध्या पीडीएफ ग्रुपवर टाकायची नाही, पण लिलाव होऊन गेल्यावर त्यातलं एखादं पान चर्चेसाठी, विक्रीची किंमत खाली लिहून, टाकता येतं असं ठरवलंय. होऊन गेलेल्या लिलावाची जाहिरात कोण करणार, असा त्यामागचा हिशोब. लातूरच्या ॲडमिनला तो पटलेला नाही. त्याचं म्हणणं, चढी किंमत दाखवणं हीच पुढच्या लिलावाची जाहिरात असते.